कोपरा फाटलेलं कार्ड

काल दारात एक पाकीट आलं, कोपरा फाटलेलं. मी त्याला हातच लावेना... नात म्हणाली, "आजी, बँकेचं आहे ते." मग तिलाच बसवलं हे टाइप करायला. मला कुठं अक्षरं येतात!

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आमचे बाबा दुर्गजवळ रेल्वे फाटकावर गेटमन. फाटक उघडायचं चाक जड, म्हणून मी आणि दादा दोघं मिळून फिरवायचो. आमचं बालपण त्या चाकालाच लटकून गेलं.

मग दादा कारखान्यात लागला, सेक्टर दहात क्वार्टर मिळालं. मी दुर्गात सासरी. भांडण नाही झालं हो... त्याच्या शिफ्टा, माझी पोरं. तीन भाऊबिजा ओवाळणीचं ताट तसंच उचलून ठेवलं. चौथ्या वर्षी ताट काढायचाही कंटाळा आला.

एका बुधवारी दारात कार्ड पडलेलं. कोपरा फाटलेला. आमच्यात असं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं... शेजारी वाचून घ्यायचं सोडून मी चूल विझवली आणि रडत फाटकाकडे निघाले, आईबाबांकडे. मनात एकच. दादा गेला, आणि मी रुसलेलीच राहिले.

फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. डब्यांखालून पलीकडचे पाय दिसत होते... बाबांच्या चपला, आणि बाजूला कारखान्याचे जाड बूट.

गाडी गेली. बुटांत दादा उभा!

मी फाटकाखालून वाकून पलीकडे गेले. "कोन मेलं?"

"कोनीच नाही. आज ऑफ आहे, तू बी बाबाकडे ये म्हनून लिवलं होतं तुले. कोपरा पोरीनं चावला."

"अन् तसंच टाकलं? एवढा शिकला कायले रे?"

"माह्यासाठी रडून राहिली का तू?"

"धूर गेला डोळ्यात."

बैलगाडीवाले ओरडायला लागले. बाबा काही चाकाला हात लावेनात, नुसते आमच्याकडे बघत उभे. मग आम्हीच फिरवलं, दोघांनी. पूर्वीसारखं कुठलं... अर्ध्यातच दम लागला.

आता दोघंही पुरते थकलो. त्याला नीट ऐकू येत नाही, मला चालवत नाही. तरी दर बुधवारी दादा फोन करतो आणि विचारतो, "धूर गेला का?"

नात म्हणते, "आजी, वाचता येत नाही याचं वाईट वाटतं?" वाटतं की. पण ते कार्ड वाचता आलं असतं ना, तर "आता आठवण आली होय" म्हणत मी घरीच फुगून बसले असते.