अर्ध्या गोळ्या

परवा गुडघा दाखवायला परळला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “दहापैकी किती दुखतं?” आणि मी एकदम नायगावच्या आमच्या चाळीतल्या खोलीत पोचलो.

आईला कॅन्सर होता. दर गुरुवारी सिस्टर घरी यायच्या, आणि खोलीभर स्पिरिटचा वास पसरायचा. त्या दिवशी त्यांनीही आईला हेच विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तीन.”

सिस्टरनी मॉर्फिनच्या गोळ्यांची डबी उघडली. “काकू, या अर्ध्या कोणी केल्या?”

मी केल्या होत्या. आईला सवय लागेल या भीतीने, कोणालाही न विचारता.

“मीच गो. अख्खी गिळूक जमत नाय,” आई म्हणाली.

सिस्टरनी मला चहा आणायला पाठवलं. परतलो, तर दाराबाहेरच आईचा आवाज ऐकू आला. “नऊ. पण त्याका ओरडू नको. तो आधीच भियालोहा.”

सिस्टर ओरडल्या नाहीत. गोळी अख्खी द्यायची, एवढंच समजावलं. मीही आईजवळ ते कधी कबूल केलं नाही.

तीन हाच आकडा तिने कसा निवडला असेल? शून्य सिस्टरना पटलं नसतं, हे तिला ठाऊक असणार. आणि पाच म्हणाली असती, तर मला लागलं असतं.