भरलेला ओटा

पाचोऱ्याकडच्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर जेमतेम डझनभर डबे मावतात. ओटा भरला की डबा रस्त्यावर कोणी ठेवत नाही, गुरं तोंड घालतात. मग आलेली बाई डबा तसाच कडेवर घेऊन चौकातल्या नव्या गिरणीकडे वळायची.

आबांना, म्हणजे वडिलांना, हे दिसतच नसे. त्यांचं सगळं लक्ष दगडांकडे, आणि मान वर केली की समोर भरलेला ओटा. त्या दर्शनानंच ते खूश. "दाणा जरा जास्त सोडू या, दळण लवकर उरकेल," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं:

"पीठ जळी जाई. आनि गर्दी देख ना, ओटा भरेल शे!"

पीठ जळेपर्यंत खरं तर अजून बराच वाव होता. पण ओटा रिकामा दिसला म्हणजे धंदा बसला, हे त्यांचं पक्कं गणित. धंदा बसतच चालला होता, भरल्या ओट्यासकट. मी त्यांच्यापुढे डोकं फोडणं सोडून दिलं होतं.

अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. खापरावरच्या मांड्यांना पीठ अगदी बारीक लागतं, म्हणून आबा आणखीच सावकाश दळू लागले. सणाच्या दिवशी त्यांनी ताटातला मांडा उजेडात धरून पाहिला. कुठे भोक नाही, कुठे जाड नाही. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "दळन असं पाह्यजे! घाईमा असा मांडा व्हस का?"

आई खापरावरची नजर न काढता म्हणाली, "ते पीठ चौकमातली नवी गिरणीनं शे. तुम्हना ओटावर जागाच नव्हती."

आबांनी तो मांडा संपवला, दुसरा घेतला नाही. मला त्यांची दया आली आणि मनातून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दाणा सोडायची पट्टी थोडी उघडली. पडत्या पिठाखाली हात धरला. आणखी उघडली. पीठ चटका देऊ लागलं तशी किंचित मागे घेतली आणि तिथेच ठेवली. दुपारी ओट्यावर थोडी जागा मोकळी होती. चौकाकडे निघालेली एक बाई ते पाहून थांबली, डबा ठेवून गेली.

"हाई रोज तथी जाये का?" आबांनी हळूच विचारलं.

"हो."

"आनि अशा कित्या?"

मी मोजल्या नाहीत, असं सांगितलं. मोजल्या होत्या.