मशीनची चौकट आणि बिडीचा दोरा

कोपऱ्यावर दोरा दाबून धरायचा आणि ओढायचा नाही, एवढंच माझ्या बायकोचं काम होतं. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते हेच.

लोखंडी चौकट विटांवर ठेवली होती. तिच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरायचा, तिथं गाठ मारायची. मग तोच दोरा उरलेल्या दोन कोपऱ्यांवर लावायचा. गाठ बरोबर कोपऱ्यावर बसली तर चौकट गुण्यात, म्हणजे चारी कोन काटकोनात. नाही बसली तर लाकडी हातोड्यानं ठोका घालायचा आणि परत दोरा. पट्टीवरचे बारीक काप मला आता दिसत नाहीत. गाठ दिसते. दोरा बिडीचा. तिनं जन्मभर बिड्या वळल्या, त्यातली रिळं घरात उरली होती.

"तुमच्याकडं ढिला हाय."

"माझ्याकडं न्हाय. तूच ओढायलीस."

"मी व्हय? ह्याच दोऱ्यावर पोरं वाढवली मी. मला दोरा शिकवाय लागलेत!"

चौकट नव्या मशीनची होती. जुनं मशीन मीच केलेलं, प्लायवूडचं, त्याला कपाटाच्या ड्रॉवरचे चॅनल लावलेले. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मोटारी फिरतात आणि गरगरणारं पातं लाकडात ती नक्षी कोरतं. मी आयुष्यभर पॉवरलूमवर फिटर होतो. कारखाना बंद पडल्यावर हात गप बसेनात, म्हणून मोबाईलवर बघून बघून हे जुळवलं. पाट्या केल्या, देवघराची दारं केली. एकदा दारावर गोल कोरला आणि तिला दाखवला. तिनं हातातली बांगडी काढून त्यावर ठेवली. एका बाजूनं कोरलेली रेघ बांगडीबाहेर डोकावत होती.

"ह्यो गोल व्हय? अंडं हाय की."

चार दिवस बोललो नाही तिच्याशी. पण बांगडी खोटं बोलत नाही. प्लायवूड वाकलं होतं, कोन हलले होते. म्हणून लोखंडी चौकट, खरे रेल, सगळं नव्यानं. मशीन माझं असलं तरी हट्ट तिचा होता.

त्या संध्याकाळी ठोकून ठोकून गाठ कोपऱ्यावर बसली. बोल्ट नुसते बोटानं फिरवलेले. मी पाना उचलला.

"भाकरी गार व्हायल्या," ती म्हणाली. "बोल्ट कुटं पळून चाललेत? उद्या आवळा."

मी पाना खाली ठेवला. जेवलो. पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं.

उद्या म्हणे. तुझं ऐकलं आणि तूच गेलीस. हा राग कुणावर काढायचा?

काढायला माणसं मात्र रोज येत होती. एक बाई बसल्या बसल्या म्हणाली, "भरल्या कपाळानं गेली, नशीब काढलं." दुसरी म्हणाली, "नवऱ्याच्या आदी गेली, पुण्य लागतं त्याला." मी समोर बसलोय, जिता, आणि ह्या माझ्या तोंडावर सांगतात की मी मागं राहिलो हे तिचं पुण्य. मी म्हणालो, "मग तुमी कदी जाताय?" बायका उठून गेल्या. लेक म्हणाला, बाबा, असं बोलू नये. मी म्हणालो, त्यांनी बोललेलं चालतं का?

लेकाला एकच सांगून ठेवलं होतं, चौकटीला कुणी हात लावायचा नाही. ती जिथं आणि जशी ठेवून आम्ही जेवायला उठलो, तशीच राहू दे. बोल्ट ढिले आहेत. तेराव्यानंतर मी आवळणार. त्याआधी हातात पाना धरवत नव्हता.

तेराव्याला पंगतीला जागा पुरेना. मी अंघोळ करून बाहेर आलो तर चौकट अंगणात, भिंतीला टेकवून उभी. चारी कोन पार वाकडे झालेले. दोरा चपलांच्या ढिगात पडला होता.

"कुणी उचलली?"

मेव्हणा पुढं आला. तिचा धाकटा भाऊ, माळशिरसकडचा, अंगानं बैल. हातात वरणाची बादली.

"मी उचलली, दाजी. लोखंडच हाय की. मोडतंय व्हय?"

"लोखंड न्हाय मोडलं. माप मोडलं."

"मग परत घ्या की माप."

"कुणाला घेऊन?"

सगळी पंगत हात थांबवून बघायला लागली. मी ओरडलो होतो वाटतं. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला लागलंय मनाला, सोडा. हे 'सोडा' ऐकून तर डोकंच फिरलं. पंगतीत बसलो नाही. मेव्हणा बादली घेऊन तिथंच उभा होता. वरण कुणाला वाढायचं हे विसरला होता.

सकाळी त्याला सातच्या एसटीनं गावी जायचं होतं. पिशवी भरून दारात बसला होता. मी चौकट ओढत आत आणली, विटांवर ठेवली आणि दोऱ्याचं टोक त्याच्या पुढ्यात टाकलं.

"धर."

"दाजी, एसटी..."

"चुलीत गेली एसटी. मोडलंस तू, धरायचं बी तू."

त्यानं पिशवी ठेवली. दोरा धरला आणि असा ओढला की तटकन तुटला. परत बांधला, परत तुटला.

"बिडीचा दोरा हाय," मी म्हणालो. "बैलाचा कासरा न्हाय. दाबून धर. ओढू नको."

"तायडीला जमायचं व्हय हे?"

"तिला जमायचं."

त्यानं नाक पुसलं, तोच अंगठा चड्डीला पुसला आणि कोपऱ्यावर दाबला. मी ठोकत गेलो. इकडून ठोका, दोरा. तिकडून ठोका, दोरा. एसटीची वेळ टळली, त्याचा अंगठा कोपऱ्यावरच होता. सून दोनदा दारात येऊन गेली, चहा गार होतोय म्हणून.

गाठ कोपऱ्यावर बसली.

"झालं का?" मेव्हणा म्हणाला. "चहा पिऊ या मग. आवळा निवांत."

मी पाना उचलला. चारी बोल्ट जोर लावून आवळले, हाताला कळ लागेपर्यंत. मग चहा प्यालो, गार.