पुतणीच्या हॉटेलातलं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात शिकलेला माणूस घरी राहत नाही. मी ओरोसच्या कचेरीत राहिलो, यावरून माझ्या शिक्षणाचा अंदाज यावा. त्यामुळे पुतणी बंगळूरची बड्या हॉटेलातली नोकरी सोडून वेंगुर्ल्यात आली आणि काजूच्या बंद शेडमध्ये स्वतःचं हॉटेल थाटून बसली, तेव्हा कणकवलीहून दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा बाप, कडाडला, "रांधूचाच होता तर इतक्या शिकलंस कित्याक गो?"

तिच्याकडे ताट परातीएवढं आणि जेवण नखाएवढं. पहिल्यांदा मी ते खाऊन मागून येणाऱ्या खऱ्या जेवणाची वाट बघत बसलो होतो.

पावसाळ्यानंतर हॉटेल पुन्हा उघडायच्या दिवशी तिचे बंगळूरचे साहेब आले. गोव्यात नवं हॉटेल काढत होते, तिथलं स्वयंपाकघर हिच्या हाती द्यायचं होतं. दादाने मला मुद्दाम रजा टाकायला लावून धाडलं होतं, "तुझा आयकता ता. समजाव तेका."

साहेब माणूस गोड. मला म्हणाले, "आधी पुणं, मग बंगळूर, आता लॅपटॉप घेऊन सगळे गोव्यात. शिकलेली माणसं सरकतात तशी आमची टेबलं सरकतात. हिच्या बांगड्याला तोड नाही हो, पण इथे माणसंच नाहीत."

शेजारी माझी बायको साठवणीतल्या फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं तिथेच होतो, चांगले धडधाकट.

आमच्याकडे कामाचा आरंभ गाऱ्हाण्याने होतो. देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालणारे नेहमीचे आबा तापाने झोपले होते. वडीलधारा म्हणून मला पुढे ढकललं. कचेरीत साहेबांपुढे माझं तोंड उघडत नाही, पण देवापुढे उघडलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान आज नव्या हंगामाची चूल पेटवल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसर माणसा नाय म्हणतत. आमी कोण ता तूच त्येंका दाखय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण हिका हयसून न्हेवक इलो आसात, त्येका पोटभर जेवान घाल आणि इल्या वाटेन सुखरूप परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. हात जोडून, डोळे मिटून. मालवणी त्यांना कळत नव्हती.

पुतणी ओठ चावून आत पळाली.

जेवण झाल्यावर साहेबांनी गोव्याचं विचारलंच. ती म्हणाली, "सर, माणसं कुठे चालली ते बघून तुम्ही टेबलं हलवता. मी हलवणार नाही. ज्यांना हा बांगडा खायचाय, त्यांनी वेंगुर्ल्याचा रस्ता शोधावा."

"आणि कोणीच नाही आलं तर?"

"तर काका-काकी जेवतील. पण जागा हीच."

साहेब गेले. मागोमाग दादाचा फोन.

"समजावलंस काय रे?"

"समजावलंय. सगळ्यांका."

"मग?"

"आता तूच रवलस. आयतवारी जेवक ये. आणि घराकडसून थोडा खाऊन ये."