शेजारणीचे केस

ठाण्यातली माझी शेजारीण वैशाखातही घोंगडी पांघरून बसे. बोलणं इतकं सावकाश, की तिचं एक वाक्य संपेपर्यंत माझे तांदूळ निवडून होत. पुढे केस गळून टक्कल पडलं. हळदीकुंकवाला एक यजमानीण म्हणाली, "विधवेसारख्या बोडक्या डोक्याला कुंकू कसं लावू?" नवरा घरी धडधाकट असताना!

डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे, मेंढराच्या ग्रंथीची पूड घ्या.

"बाटेन गं मी," ती रडली.

"कुंकू हवंय ना? मग गीळ मुकाट्याने," मी म्हटलं. तिने गिळली.

सहा महिन्यांनी ती डोक्यावरचा पदर मागे टाकून माझ्यासमोर बसली. "केस ओढून बघ."

मी चांगला जोर लावला.

"मेले, दुखतंय!"

इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा एकदा ओढले.