मध्ये तीन फूट

“जाळीले हात कोणं लावला, तेवढंच विचारून राहिलो मी,” ताराचंद तिसऱ्यांदा म्हणाले. हातातला चहा केव्हाच निवला होता.

“आन् तेवढंच सांगून राहिली मी. मी लावला,” रीना म्हणाली. “मधात दोरी बांधून अर्धा फूट खाली ओढली.”

“पंचवीस वर्षं सरळ होती ते जाळी.”

“म्हणूनच ओढली.”

“पाह्य वं रिता,” ताराचंद नातीकडे वळले, “तुही आत्या बाहेर देशात खेळून आली, आता आजोबाले मोजमाप शिकवते!”

अकरा वर्षांची रिता, रीनाच्या भावाची, वीरेंद्रची मुलगी, मांडीवर रॅकेट घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती हसली नाही. गेली दोन वर्षं आजोबा तिला रोज सकाळी खेळवत होते. आता आत्या कायमची घरी आली होती, आणि कुणाचं ऐकायचं ते तिला कळेनासं झालं होतं.

मोहाडीजवळच्या या गावात टेनिस आलं ते ताराचंदांच्या हट्टातून. भंडाऱ्याला साहेब लोकांचा खेळ पाहून त्यांनी जाळीच्या खांबाची उंची सुतळीनं मोजून आणली. साडेतीन फूट. घरामागची एक बांदी, धानाच्या शेताचा तुकडा, मोडून माती चोपली. त्यांच्या बायकोनं, रत्नाबाईंनी, ती शेणानं सारवली. तुलाराम ढिवराकडून तलावातलं मासे धरायचं जुनं जाळं आणून दोन खांबांना ताणून बांधलं. त्या जाळीवरून नऊ वर्षांची रीना चेंडू मारायला शिकली.

सतराव्या वर्षी ती पुण्याला गेली, तेव्हा तिथल्या कोचनं पहिल्याच दिवशी विचारलं, “तुझा चेंडू जाळीवरून एवढा उंच का जातो?” तिनं खरी जाळी पाहिली. खांबाशी साडेतीन फूट, पण मध्ये पट्ट्यानं खाली ओढलेली. मध्ये तीनच फूट. बाबांच्या नजरेतून तो पट्टा सुटला, हे तिला त्याच क्षणी कळलं.

घरी मात्र तिनं सांगितलं नाही. कसं सांगणार? गावात बाबांचं नावच ‘टेनिसवाले’ पडलं होतं.

पुढे चौदा वर्षं ती व्यावसायिक खेळली. सोलापूर, ताश्कंद, अंताल्या. सगळ्यात चांगल्या दिवसांत जगात चारशे अडतिसावी. बहुतेक दिवस पात्रता फेऱ्यांतच गेले. सरावात चेंडू खाली यायचा. पण सामन्यात, गुण अटीतटीचा झाला की हात आपसूक वर उठायचा. तो उंच, संथ चेंडू समोरच्या पोरी पुढे येऊन ठोकून काढायच्या. एकतिसाव्या वर्षी खांदा गेला. आणखी तीन वर्षं तिनं दुखऱ्या खांद्यानं काढली, आणि या दिवाळीला दोन बॅगा घेऊन ती परत आली.

काल सकाळी तिनं रिताला खेळताना पाहिलं. तोच वर उठणारा हात.

“बाबा,” रीना आता हळू बोलली, “जाळी मधात तीन फूट राहते. तुमच्या ध्यानात आलं नसन तवा. मी बोलली नाही कधी, तुमाले वाईट वाटन म्हणून.”

ताराचंदांनी कप खाली ठेवला.

“ध्यानात कायले नाही येणार? पट्टा पाह्यला होता मी. मधातबी मोजलं होतं.”

“मग?”

“म्हटलं, पोट्टी उंचावरून माराले शिकली तं जाळीत कधी अडकणार नाही. लोकायच्या पोरीपेक्षा आपली दोन बोटं वरच राहीन. काय चुकलं? अडकली का तू जाळीत कधी?”

रीनाला हसू आलं. खरंच, जाळीत ती क्वचितच अडकली होती. सतरा वर्षं ती बाबांची एक चूक झाकत आली होती, आणि ती चूक नव्हतीच. बाबांनी हौसेनं, विचार करून केलेलं काम होतं ते.

“मले विचारलं का कोणी?” रत्नाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या. “अठ्ठ्याहत्तर फुटाची बांदी सारवली मी दर हप्त्याले. गुडघे गेले माहे. तीन फूट का साडेतीन, मले तं आजच समजलं.”

“तू चूप राय,” ताराचंद म्हणाले. “रीना, ते दोरी सोड. माह्या हातानं बांधलेली जाळी हाये.”

“नाही सोडत.”

“मग मी सोडतो,” म्हणत ते उठले. रितानं उंबऱ्यातून पाय आत घेतले, आजोबांना वाट द्यायला.

रीना दारात उभी राहिली. उजवा हात चौकटीला लावायला गेली. तो खांद्यापर्यंतच आला. तिनं डावा लावला.

“रिताले उद्यापासून मी शिकवीन,” ती म्हणाली. “जाळी तीन फूटच राहीन. तुमी बांदीवर यायचं नाही, बाबा. आई, तूही आता सारवायचं नाही.”