रूपाच्या रक्तवाढीच्या गोळ्या

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, आणि तिला तर माझ्या खिशातल्या तंबाखूच्या पुड्यासुद्धा ठाऊक असतात. बसा जरा. मला वेळ लागेल — जीभ अडते.

रूपा माझी धाकटी बहीण. मी कुपवाडला कारखान्यात लेथ मशीनवर. ती दिली मेढ्याकडच्या एका गावात. दाजी फौजेत. लग्नाच्या आधी तिला शुगर निघाली होती. स्थळ चांगलं होतं, आणि शुगरवाली पोर कोण करून घेणार? बैठकीत सासूनं विचारलं, पोरीला काही दुखणं? मी म्हणालो, अंगात रक्त थोडं कमी आहे, बाकी काही नाही. रूपा आत पोहे करत होती. तिला कुणी विचारलंच नाही — मीसुद्धा नाही.

पुढं तिच्या शुगरच्या गोळ्या मी रक्तवाढीच्या डबीत भरून न्यायला लागलो. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटायचं मला. सासू बिचारी जेवताना आठवण करायची, "रूपा, रक्ताची गोळी घेतलीस का गं?"

मग कोरोनाची दुसरी लाट आली. आधी सासूला ताप आला, ती लवकर उठून बसली. मग रूपाला — ताप, कोरडा खोकला, तोंडाची चव गेलेली, चार भांडी घासली की दम. दाजी लांब, म्हणून फोन मला आला. मी तिला मेढ्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. मुंगी शिरायला जागा नव्हती. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "शुगर, बीपी, दमा — आधीचं काय हाय का?" सासू माझ्या शेजारीच उभी होती. रूपानं माझ्याकडं पाहिलं. उत्तर तिनं माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हणालो, "न्हाई. काय न्हाई."

डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. शुगरवाल्याची साखर त्यांनी भडकते.

आता खरं सांगू? ते एक उत्तर मी कदाचित पचवलंही असतं — सासू शेजारी, मी गडबडलो. पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर होता. मागाहून फोन करायला कुणी माझा हात धरला होता? संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, कधीही? नाही केला. तिचा संसार मोडेल अशी मनाची समजूत घातली. तेही खोटं. भरल्या बैठकीत दिलेला माझा शब्द उघडा पडेल, याची मला भीती होती.

श्वास लागला तशी तिला साताऱ्यात दाखल केलं. साखर भलतीच वाढली होती. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, शुगर कधीपासून आहे? आणि मी — आत ती ऑक्सिजनवर असताना — म्हणालो, आता या आजारातच निघाली.

रूपा वाचली. पण त्या वाढलेल्या साखरेपायी काळी बुरशी झाली, आणि तिचा डावा डोळा काढावा लागला.

तिनं मला कधीच काही विचारलं नाही. राखी बांधताना आता ती मान जरा वळवते, माझं मनगट नीट दिसावं म्हणून. तेव्हा तिच्यावर इतकी माया येते की मला तिच्याकडं बघवत नाही.

शुगरची गोळी ती आता उघड घेते. कोरोनानं शुगर दिली म्हणतात सगळे. सासू तिला लेकीसारखं जपते, तिच्यासाठी वेगळी भाजी करते, सकाळी स्वतः मशीन लावून साखर बघते. आणि मी भेटायला गेलो की पदर डोळ्याला लावते. "म्या बाजारातनं दुखणं घरात आणलं. धडधाकट पोर दिली हुती तुमी, माझ्यापायी तिचं असं झालं."

मी म्हणतो, "आवं मावशी, तुमचा काय दोष त्यात?" आणि त्यांनी वाढलेल्या ताटावर बसतो.

सासू भावकीत सगळ्यांना सांगते — रूपाच्या भावाचं मन लय मोठं हाय. बहिणीचा डोळा गेला, पण त्यानं आमाला एका शब्दानं बोल लावला न्हाई.